हृदयाभोवती पाणी पुन्हा भरतं तेव्हा

पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये रोज पाण्याच्या बाटल्या येतात. फुप्फुसाभोवतीचं पाणी, पोटातलं पाणी, कधी सांध्यातलं. बहुतेक पिवळट, लिंबाच्या सरबतासारखं. हृदयाभोवतीचं पाणी त्या मानाने कमी येतं, आणि त्यातही एखादी बाटली अशी असते की शिरेतलं रक्तच भरून पाठवलंय असं वाटावं. तरी ते गोठत नाही. हृदयाच्या ठोक्यांनी ते आतल्या आत ताकासारखं इतकं घुसळलं गेलेलं असतं की गोठण्यासाठी लागणारे धागे तिथेच खर्ची पडलेले असतात.

मी त्याच्या स्लाइड बनवते, रंग देते आणि सूक्ष्मदर्शकाखाली शोधत बसते. बहुतेक वेळा रिपोर्टमध्ये एकच ओळ जाते: कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. ती ओळ खरी असते. पण पेशंटच्या घरी पोचेपर्यंत तिचं ‘कॅन्सर नाही’ असं होऊन जातं. या दोन वाक्यांत जो फरक आहे, त्यात कधीकधी माणसाचे तीन-चार महिने जातात. ज्या आजाराबद्दल आज लिहायचंय, हृदयाच्या अँजिओसार्कोमा नावाच्या कॅन्सरबद्दल, त्यात तीन-चार महिने म्हणजे फार झाले.

चाळिशीतला एक दुकानदार घ्या. दोन जिने चढले की दम लागतो. आडवं झालं की जास्त, पुढे वाकून बसलं की जरा बरं. पायांवर सूज. एक्स-रेमध्ये हृदयाची सावली पाण्याच्या मडक्यासारखी फुगलेली. टू डी इको होते, डॉक्टर सांगतात, ‘हृदयाभोवती पाणी झालंय.’ सुई घालून सहाशे मिली काढतात, सगळं लालभडक. माणूस तासाभरात मोकळा श्वास घेऊ लागतो. रिपोर्ट येतो: कॅन्सरच्या पेशी नाहीत, एडीए (टीबीकडे बोट दाखवणारं एन्झाइम) थोडं वाढलेलं. टीबीची औषधं सुरू होतात. लघवी केशरी होते, घरच्यांना वाटतं औषध लागू पडतंय. तीन आठवड्यांनी दम परत.

हा दुकानदार माझ्या मनातला आहे. पण त्याच्या गोष्टीचा सांगाडा वैद्यकीय नियतकालिकांतल्या कितीतरी नोंदींत सापडेल.

हृदय एका दुपदरी पिशवीत असतं. तिला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांमध्ये चमचा-दोन चमचे, फार तर पन्नास मिली द्रव असतो. वंगणासारखा, घर्षण होऊ नये म्हणून. बाहेरचा पदर चिवट असतो, चटकन ताणला जात नाही. त्यामुळे किती पाणी साचलं यापेक्षा किती वेगाने साचलं, हे महत्त्वाचं. महिना-दोन महिने हळूहळू साचत गेलं तर पिशवी ताणली जाऊन लिटरभर पाणीही मावतं आणि माणूस चालतोफिरतो. तेच दीडदोनशे मिली रक्त अचानक उतरलं तर हृदयाला फुलायला जागा उरत नाही आणि जीव जाऊ शकतो. याला टॅम्पोनाड म्हणतात. रक्तदाब पडतो, मानेच्या शिरा फुगतात, स्टेथोस्कोपमध्ये ठोके लांबून आल्यासारखे ऐकू येतात. क्लीव्हलँडचे सर्जन क्लॉड बेक यांनी १९३५ मध्ये ही तीन लक्षणं एकत्र मांडली. आजही मेडिकलच्या पोरांना ती पाठ असतात. हेच बेक पुढच्या वर्षी हृदयावरणाच्या आतली गाठ यशस्वीपणे काढणारे पहिले सर्जन ठरले. ती गाठ सौम्य होती.

हृदयाभोवती पाणी होण्याची कारणं खूप आहेत. विषाणूंचा संसर्ग, किडनी निकामी होणं, थायरॉइड मंदावणं, संधिवातासारखे आजार, आणि आपल्याकडे सगळ्यात आधी आठवावा तो टीबी. म्हणून टीबीची औषधं सुरू करणारा डॉक्टर बेजबाबदार ठरत नाही. आकडे त्याच्या बाजूने असतात. टीबीतही पाणी लालसर येतं. टीबीचा जंतू त्या पाण्यात क्वचितच सापडतो, कारण तो असतोच मोजका. म्हणून एडीए नावाच्या एन्झाइमवर भिस्त ठेवली जाते, ते चाळीसच्या वर गेलं की पारडं टीबीकडे झुकतं. पण एडीए हा जंतूचा पुरावा नव्हे. ते पांढऱ्या पेशींच्या हालचालीतून वाढतं, आणि लिम्फोमासारख्या, म्हणजे लसिका-पेशींच्या, कॅन्सरमध्येही वाढू शकतं.

माझी खरी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. टीबीच्या औषधांवर तीन आठवडे झाल्यावर रक्ताळ पाणी पुन्हा भरलं, तर आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘गोळ्या नीट घेतल्या का?’ दुसरा प्रश्न असतो स्टेरॉइड वाढवायचा. पहिलंच निदान चुकलं असेल का, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरवर येतो. तो पहिल्या नंबरवर यायला हवा.

आता गाठींकडे येऊ. हृदयाला कॅन्सर होतो हेच पुष्कळांना माहीत नसतं, आणि त्यात नवल नाही. कॅन्सर म्हणजे पेशींच्या विभाजनातली चूक. जिथे विभाजन जास्त तिथे चुकांना वाव जास्त. हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ विभाजितच होत नाहीत. हे कसं कळलं ते सांगण्यासारखं आहे. शीतयुद्धाच्या काळात उघड्यावर केलेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ वाढलं, आणि चाचण्या थांबल्यावर ते घटत गेलं. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीचं कार्बन तिच्या डीएनएमध्ये राहतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी हा शिक्का वापरून हृदयाच्या पेशींचं वय काढलं. २००९ मध्ये निष्कर्ष आला: पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी नव्या होतात, म्हातारपणी त्याच्याही निम्म्या. म्हणजे माणूस मरतो तेव्हा त्याच्या हृदयातल्या निम्म्याहून जास्त स्नायूपेशी जन्मापासूनच्याच असतात.

त्यामुळे शवविच्छेदनात हृदयाची स्वतःची गाठ पाच हजारांत एखाद्याला सापडते, असा हिशोब नेहमी दिला जातो. दुसरीकडून पसरून आलेला कॅन्सर (फुप्फुसाचा, स्तनाचा, त्वचेचा मेलानोमा, लिम्फोमा) हृदयापर्यंत पोचणं याच्या वीसपट तरी जास्त. आणि हृदयाच्या स्वतःच्या गाठींतही बहुतेक सौम्य निघतात. मोठ्या माणसांत सगळ्यात ओळखीची मिक्सोमा: डाव्या वरच्या कप्प्यात देठावर लोंबणारी, जेलीसारखी. ती १९५४ मध्ये स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्रॅफर्ड यांनी हार्ट-लंग मशीनच्या मदतीने काढली, आणि तेव्हापासून ती शस्त्रक्रियेने बरी होणारी गाठ आहे. इकोमध्ये ‘गाठ’ शब्द दिसला म्हणून लगेच धीर सोडायचं कारण नाही, ते यासाठी.

उरलेल्या घातक गाठींमध्ये बहुसंख्य सार्कोमा असतात, म्हणजे स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा ऊतींतून उगवणारे कॅन्सर. त्यांतली मोठ्या माणसांमधली सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात आक्रमक म्हणजे अँजिओसार्कोमा. ही स्नायूची गाठ नाही. रक्तवाहिन्यांच्या आतून जे पातळ अस्तर असतं, त्या पेशी बिघडून ती होते. बिघडल्या तरी त्या पेशी आपला मूळ धंदा सोडत नाहीत, रक्तवाहिन्या बांधायला जातात. फक्त बांधकाम सगळं कच्चं. वेड्यावाकड्या, गळक्या नळ्या आणि मधे रक्ताची डबकी. पाणी लाल का येतं, याचं उत्तर इथे आहे.

तिची आवडती जागा उजवी कर्णिका, म्हणजे उजवीकडचा वरचा कप्पा, जिथे सगळ्या शरीराचं अशुद्ध रक्त येऊन पडतं. तिथली भिंत दोन-तीन मिलिमीटरची. गाठ तिच्यातून बाहेर पडून हृदयावरणात शिरते आणि पिशवीत रक्त झिरपू लागतं. दुसऱ्या दिशेला, आतल्या बाजूला, ती सरळ रक्तप्रवाहात उघडते. आणि उजव्या बाजूचं रक्त पुढे कुठे जातं? फुप्फुसात. म्हणून निदान होईपर्यंत निम्म्याहून अधिक लोकांच्या फुप्फुसात बारीक बारीक गाठी पोचलेल्या असतात. एक्स-रेवर त्याही टीबीसारख्या भासू शकतात. गैरसमजाला असा दुसऱ्यांदा दुजोरा मिळतो.

वय साधारण तिशी ते पन्नाशी, पुरुष जरा जास्त. तंबाखू, खाणंपिणं, ताण यांच्याशी थेट नातं दिसलेलं नाही. ‘माझं काय चुकलं?’ असं विचारणाऱ्याला ‘काहीच नाही’ हेच उत्तर आहे. काही मोजक्या घराण्यांत पीओटी१ नावाच्या जनुकात दोष सापडला आहे. स्पेनमधल्या संशोधकांनी तो २०१५ मध्ये दाखवला. घरात एकापेक्षा जास्त जणांना सार्कोमा किंवा तरुणपणी वेगवेगळे कॅन्सर झाले असतील तर जनुकीय सल्ला घ्यावा. एरवी भावंडांनी घाबरून तपासण्या करत सुटू नये.

मग पाण्यात पेशी का दिसत नाहीत? कारण सार्कोमाच्या पेशी एकमेकींना आणि भोवतालच्या तंतूंना घट्ट धरून असतात, सहज सुटून पाण्यात पडत नाहीत. फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी तशा सुटतात, त्यांचे घोळकेच्या घोळके दिसतात. इथे रक्ताच्या लाखो पेशींत दोन-चार बिघडलेल्या पेशी असल्याच, तर हृदयावरणाच्या स्वतःच्या चिडलेल्या पेशींशी त्यांचं रूप इतकं मिळतं की हात आखडता घ्यावा लागतो. सुईने पाणी काढणं हा जीव वाचवणारा उपाय आहे, पण या गाठीसाठी निदानाचा मार्ग म्हणून तो कच्चा आहे. पाणी दहादा तपासलं तरी उत्तर तेच येऊ शकतं.

उत्तर गाठीच्या तुकड्यातच असतं. तिथे पोचायचं कसं, यातच या आजाराचं निम्मं कौशल्य आहे.

पहिली पायरी इको. स्वस्त, गावोगाव उपलब्ध, आणि बऱ्याचदा पुरेशी. पण पाणी भरलेलं असताना सगळं लक्ष पाण्यावर जातं, आणि उजवी कर्णिका छातीवरून नीट दिसेलच असं नाही. म्हणून पाणी काढून झाल्यावर इको पुन्हा करावी, या वेळी भिंतींकडे बघण्यासाठी. शंका असेल तर घशातून नळी घालून करतात ती इको. त्यापुढे हृदयाचा एमआरआय. ठोके चालू असताना गाठ कुठपर्यंत गेलीय, झडपेला चिकटलीय का, आत रक्तस्राव आहे का, हे तो सांगतो. अँजिओसार्कोमाचं चित्र रेडिओलॉजिस्ट फुलकोबीसारखं म्हणतात, आणि आवरणात पसरली असेल तर सूर्याच्या किरणांसारखं. फुप्फुसासाठी सीटी, बाकी शरीरासाठी पेट स्कॅन.

मग बायोप्सी. इथे घरचे बिथरतात. ‘हृदयाला सुई? गाठ फुटून पसरली तर?’ प्रश्न रास्त आहे. उजव्या कप्प्यातल्या गाठीसाठी मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून नळी नेऊन, इकोवर बघत बघत चिमट्याने कण घेता येतो. धोका असतो, पण कण सुटला तरी तो फुप्फुसाकडे जातो, मेंदूकडे नाही. डाव्या बाजूला मात्र सुटलेला कण सरळ मेंदूत जाऊन लकवा होऊ शकतो, म्हणून तिथे अशी बायोप्सी सहसा टाळतात. कधी छातीत छोटं छिद्र पाडून आवरणाचा तुकडा घेतात आणि त्याच वेळी पाण्याला वाट करून देतात. आणि फुप्फुसात गाठी असतील तर हृदयाला हातही न लावता तिथला तुकडा घेणं सगळ्यात सोपं. १९३४ मध्ये जिवंत माणसात हृदयाच्या सार्कोमाचं पहिलं निदान झालं तेही असंच, पसरलेल्या कॅन्सरच्या एका लसिका-गाठीची बायोप्सी करून.

बायोप्सीचा हट्ट कशासाठी, ते सांगते. हृदयाभोवती, छातीच्या मधल्या भागात, अगदी तशाच दिसणाऱ्या आणि तितक्याच वेगाने वाढणाऱ्या दुसऱ्या गाठी असतात. तरुण मुलींमध्ये दिसणारा छातीच्या मधला बी-पेशींचा लिम्फोमा महिन्या-दोन महिन्यांत मुठीएवढा होतो, आवरणात पाणी करतो, मानेच्या शिरा फुगवतो. तो केमोथेरपी आणि अँटिबॉडीने बहुतेकींमध्ये पूर्ण बरा होतो. ऑपरेशनची गरजच नसते. तरुण मुलांमध्ये जनन-पेशींची गाठ असू शकते. तिच्यासाठी एएफपी आणि बीटा-एचसीजी या साध्या रक्ततपासण्या आहेत, आणि उपचार सिसप्लॅटिनवर आधारलेली केमो. थायमस ग्रंथीचा कॅन्सर वेगळा, हृदयावरणाच्या अस्तराचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, आणखी वेगळा. स्कॅनवर सगळ्यांची सावली जवळजवळ एकच. तुकड्याशिवाय ऑपरेशन केलं तर बऱ्या होणाऱ्या लिम्फोमासाठी उगाच छाती उघडली जाईल. तुकड्याशिवाय स्टेरॉइड दिलं तर लिम्फोमा तात्पुरता विरघळतो, नंतर घेतलेल्या तुकड्यात मेलेल्या पेशींशिवाय काही हाती लागत नाही. हे दुसरं मी पाहिलंय, आणि तो रिपोर्ट लिहिताना हात जड होतो.

तुकडा आला की आम्ही त्यावर वेगवेगळ्या प्रथिनांचे रंग चढवतो. सीडी३१ आणि ईआरजी उजळले की रक्तवाहिनीच्या अस्तराकडे बोट जातं. यातही फसगत आहे. सीडी३१ हा रंग साफसफाई करणाऱ्या भक्षक पेशींनाही चढतो. म्हणून एका रंगावर निकाल देत नाहीत, दोन-तीन लागतात. म्हणूनच रिपोर्टला आठवडाभर लागतो. लॅबवाले झोपलेत म्हणून नव्हे.

उपचारात शस्त्रक्रिया महत्त्वाची, जर रोग पसरला नसेल आणि गाठ काढण्याजोगी असेल तर. हार्ट-लंग मशीनवर माणसाला घेऊन कर्णिकेची भिंत गाठीसकट, आजूबाजूचा निरोगी भाग धरून कापायची आणि भगदाडावर प्रक्रिया केलेल्या गुरांच्या हृदयावरणाचा तुकडा शिवायचा. सांगायला सोपं. पण उजव्या बाजूची मुख्य धमनी तिथल्याच खाचेतून जाते आणि गाठ बहुतेकदा तिला वेढून बसते. मग ती धमनीही काढून बायपास करावी लागते. स्तनाच्या गाठीभोवती दोन बोटं जास्त कापता येतात, हृदयात दोन बोटांनंतर झडप असते. म्हणून कडा पूर्ण स्वच्छ, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सरची पेशी न उरलेल्या, मिळणं अवघड, आणि ज्यांना मिळतात त्यांचं आयुष्य इतरांपेक्षा स्पष्टपणे लांबतं. त्यासाठी काही मोठ्या केंद्रांत आधी केमो देऊन गाठ आक्रसून घेतात, मग चाकू.

डाव्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवर गाठ असेल तर हात पोचत नाही. तिथे केला जाणारा प्रकार ऐकून अंगावर काटा येतो: हृदय बाहेर काढायचं, टेबलावर गाठ कापून भिंत शिवायची, आणि तेच हृदय परत बसवायचं. ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांनी १९८५ मध्ये हा प्रयत्न केला. पुढे त्याच शहरात मायकेल रिअर्डन यांच्या चमूने तो घातक गाठींसाठी वापरात आणला. जगात मोजक्याच ठिकाणी होतो. ‘दुसऱ्याचंच हृदय बसवा ना’ असंही लोक विचारतात. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि शरीरात कुठेतरी लपलेल्या दोन-चार पेशींना ते रान मोकळंच. त्यामुळे तो मार्ग फार थोड्यांसाठी.

केमोचं मुख्य औषध डॉक्सोरुबिसिन. इटलीत अॅड्रियाटिक समुद्राजवळच्या एका किल्ल्यापाशी उचललेल्या मातीतल्या जिवाणूपासून या कुळातलं पहिलं औषध मिळालं. रंग माणकासारखा लाल, सलाईनमधून उतरताना दिसतो. विचित्र योग असा की हेच औषध हृदयाच्या स्नायूला इजा करतं. म्हणून आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा आहे, आणि दर काही डोसांनंतर इको करून हृदयाचं पंपिंग तपासतात. आधीच गाठीने पोखरलेल्या हृदयाला हे औषध देताना ऑन्कॉलॉजिस्ट आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांनी एकाच टेबलाशी बसायला हवं. दुसरा पर्याय आठवड्याला थोडं थोडं पॅक्लिटॅक्सेल. ते रक्तवाहिन्यांच्या या गाठीवर बऱ्यापैकी चालतं आणि सोसायलाही सोपं. रेडिएशन मोजूनमापून, कारण आजूबाजूला हृदयच आहे.

घरचे शेवटी विचारायचं ते विचारतातच: किती दिवस? अँजिओसार्कोमात बहुतेक अभ्यासांत उत्तर सहा महिने ते वर्ष या आसपास येतं. गाठ पूर्ण निघाली आणि रोग पसरलेला नव्हता, तर काही जण त्यापलीकडे दोन-तीन वर्षं, क्वचित आणखी पुढे गेलेले आहेत. हा आकडा पेशंटपासून लपवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ‘त्यांना काही सांगू नका हं डॉक्टर.’ माझ्या मते ज्याचं दुकान आहे, ज्याची मुलं शाळेत आहेत, त्याला हे कळायला हवं. त्याला हिशोब करायचे असतात.

बरं होण्याच्या उपायांना जागा नसली तरी पाण्यावर उपाय असतो. दर पंधरा दिवसांनी सुई खुपसण्यापेक्षा आवरणाला कायमची खिडकी पाडली की पाणी शेजारच्या पोकळीत उतरत राहतं आणि माणूस आडवा होऊन झोपू शकतो. महिनाभर खुर्चीत बसून रात्र काढलेल्या माणसाला विचारा, ही किती मोठी गोष्ट आहे.

एक शेवटचं, अगदी लॅबवालीचं. मोठ्या केंद्रात जाणार असाल, परळच्या टाटाला किंवा कुठेही, तर तिथे बाहेरचा रिपोर्ट वाचून उपचार सुरू करत नाहीत, तुकडा पुन्हा तपासतात. त्यासाठी स्लाइड पुरत नाहीत, ब्लॉक लागतो. ब्लॉक म्हणजे तुमचा तुकडा मेणात बसवलेली बोटभर प्लॅस्टिकची चौकट, कडेला नंबर लिहिलेला. तो मागून घ्या. बरोबर सगळ्या इकोच्या आणि एमआरआयच्या सीडी घ्या, नुसते कागद नकोत. आणि मे महिन्यात गाडीने निघालात तर तो ब्लॉक डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण वितळतं.